कल्पना आणि तिचे गिऱ्हाईक

शेतातला माल, कारखान्यातला माल आणि डोक्यातला माल असे विक्रीच्या मालाचे तीन प्रकार आम्ही मानतो. पहिल्या दोहोंचे मोजमाप होते. आल्याचे पोते काट्यावर ठेवले की त्याचे वजन अडत्यालाही दिसते आणि शेतकऱ्यालाही दिसते. भावावरून तंटा होईल. पण पोते कोणाचे, यावरून तंटा होत नाही. कापडाचा तागा वारावर मोजता येतो आणि तो विणणाऱ्याची हजेरी मस्टरवर असते. तिसऱ्या मालाची गोष्ट मात्र न्यारी आहे. तो दाखविल्यावाचून कोणी विकत घेत नाही. आणि एकदा दाखविला की तो घेणाऱ्याच्या डोक्यात जाऊन बसतो. मग 'नको असेल तर माझा माल मला परत द्या' असे म्हणण्याची सोय उरत नाही.

आज तालुक्याच्या गावची पुष्कळ मुले-मुली चित्रवाणीवरील मालिकेची एखादी कल्पना वहीत उतरवून मुंबईची वाट धरतात. वाहिनीच्या कचेरीत बसलेल्या माणसापुढे आपली गोष्ट कशी पोहोचवावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. कामगार चळवळीत केस पांढरे झालेल्या माणसाने या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की हा प्रश्न कलेचा आहे तितकाच मजुरीचाही आहे. कष्ट कोणी केले, दाम कोणाच्या पदरात पडले आणि मधले दार कोणाच्या ताब्यात होते, हे तीन सवाल आम्ही गिरणीच्या फाटकावर विचारावयास शिकलो. तेच सवाल या धंद्याच्या इतिहासाला विचारून पाहावेत, एवढाच आजचा हेतू आहे.

इतिहासाचा आरंभ आपल्या शेजारच्या सांगलीपासून करावा लागतो. १८४२ साली कर्नाटकातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली आणि त्यांचे खेळ दरबारात झाले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या मनात आले, की असे काही, पण याहून नेटके, मराठीत व्हावे. ते काम त्यांनी विष्णुदास भावे यांजकडे सोपविले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. हाच दिवस आपण अजून रंगभूमी दिन म्हणून पाळतो. ही गोष्ट नाटकाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. परंतु तिच्यातला व्यवहार सहसा कोणी उलगडून पाहात नाही. येथे गिऱ्हाईक आधी होते आणि माल मागाहून तयार झाला. मागणी राजाची, खर्च राजाचा आणि पहिला प्रेक्षकही राजाच. भाव्यांना कोणाचे दार ठोठवावे लागले नाही.

ही सोय किती पोकळ असते ते आठ वर्षांत दिसून आले. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि भाव्यांचा दरबारचा आधार सुटला. एकच धनी असलेल्या गड्याची धनी गेल्यावर जी गत होते, तीच त्यांची झाली. मग त्यांनी मंडळी घेऊन मुलूख पालथा घातला आणि १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. एका राजाच्या जागी तिकीट काढणारे शेकडो अनोळखी लोक आले. मराठी नाटक धंदा म्हणून उभे राहिले ते या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बळावर. एकाच दारावर विसंबणारा कलावंत हा मालकाच्या मर्जीवरचा कामगार असतो, हा धडा आपल्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

दुसरा प्रसंग धुंडिराज गोविंद फाळके यांचा. १९११ साली त्यांनी गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि कृष्णचरित्र असेच पडद्यावर यावे, या विचाराने त्यांना झपाटले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले. तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. आता चित्रपटास भांडवल हवे होते. हिंदुस्थानात असा धंदा कोणी पाहिलेला नव्हता. तेव्हा सावकारापुढे तोंडाने कितीही वर्णन केले तरी त्याच्या पदरात काय पडणार? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्यापुढे रोवला आणि रोज थोडी थोडी फिल्म काढीत महिनाभराहून अधिक काळ त्या अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर तो वाटाणा घटकाभरात रुजला, वर आला आणि वेल झाला. ते इवलेसे चित्र त्यांनी निवडक मंडळींना दाखविले, आणि फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी प्रभृतींनी पैसा पुरविण्याची तयारी दर्शविली. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिनेही त्या यज्ञात पडले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला.

आजकाल चित्रवाणीच्या कचेरीत 'पायलट' हा शब्द फार ऐकू येतो. सबंध मालिका करण्यापूर्वी नमुन्यादाखल एक भाग काढून दाखवावयाचा, असा त्याचा अर्थ. आमच्या मते या देशातला पहिला पायलट म्हणजे तो वाटाणा होय. भांडवलवाल्याला कल्पना दिसत नाही, त्याला अंकुर दिसतो, हे फाळक्यांनी ओळखले होते. परंतु याही गोष्टीचा उत्तरार्ध आहे. १९१८ साली नाशकात भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स ही कंपनी निघाली. पैसा भागीदारांचा आणि कसब फाळक्यांचे. थोड्याच काळात मतभेद झाले आणि फाळके कंपनी सोडून काशीस गेले. पुढे परत आले. १९४४ साली नाशकात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या नावाने चालणाऱ्या धंद्यातला पैसा त्यांच्या घरी नव्हता. कल्पना विकली गेली म्हणजे ती विकणारा तरून गेला, असे समजण्याचे कारण नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म याच रहिमतपूरचा. कवी गिरीश यांचे ते चिरंजीव. नाशिकच्या महाविद्यालयात प्राध्यापकी करीत असता त्यांनी 'वेड्याचे घर उन्हात' हे नाटक लिहिले, आणि १९५७ साली ते पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणले. तेव्हा नवख्या लेखकाला नाटक मंडळीच्या मालकापुढे ताटकळत बसण्याखेरीज दुसरी वाट फुटलेली होती. १९५४ पासून सरकारने राज्य नाट्य स्पर्धा सुरू केली होती; हौशी मंडळींना नवी संहिता हवी असे आणि नव्या संहितेला हौशी मंडळी हवी असत. पुढे १९६२ साली गोवा हिंदु असोसिएशनने 'रायगडाला जेव्हा जाग येते' केले. 'अश्रूंची झाली फुले' हे नाटक १९६६ साली नाट्यसंपदेने केले, आणि त्याच कथेवर १९६९ साली 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपट निघाला. त्याच्या कथेबद्दल कानेटकरांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले.

या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे. हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यापुढे कानेटकर एक कल्पना घेऊन गेले नाहीत. लिहिलेले, छापलेले, शेकडो प्रेक्षकांनी पाहिलेले नाटक तेथे आधीच उभे होते. कथा कोणाची, याला अख्खा महाराष्ट्र साक्षीदार होता. फाळक्यांपाशी वाटाणा होता, कानेटकरांपाशी रंगभूमी होती. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, नुसती तोंडी गोष्ट आहे, त्याचे काय होते, ते आता पाहू.

दिल्लीत आर. जी. आनंद नावाचे नाटककार होते. त्यांनी 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५३ साली लिहिले आणि १९५४ साली ते दिल्लीत रंगभूमीवर आले. पंजाबी आणि मद्रासी अशा दोन कुटुंबांतील मुलामुलीचे प्रेम आणि त्याआड येणारा प्रांताभिमान, हा नाटकाचा विषय. नाटक गाजले. मुंबईचे चित्रपट-दिग्दर्शक मोहन सहगल १९५५ च्या आरंभी दिल्लीस गेले असता आनंदांनी त्यांना सगळे नाटक ऐकविले. होकारही आला नाही आणि नकारही आला नाही. १९५६ साली सहगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातही पंजाबी आणि मद्रासी कुटुंबे होती आणि त्यांतील मुलामुलीचे प्रेम होते. आनंद कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, उच्च न्यायालयात हरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. न्यायालयाने सांगितले, की कल्पना, विषय, कथावस्तू यांवर कोणाचाही मालकी हक्क नसतो. हक्क असतो तो ती कल्पना ज्या रीतीने मांडली गेली त्या मांडणीवर. चित्रपटाची मांडणी निराळी होती. त्यात हुंड्याचा प्रश्न होता, परप्रांतीयाला भाड्याने घर न मिळण्याचा प्रश्न होता. सबब चोरी सिद्ध होत नाही.

हा निकाल ऐकून कामगाराच्या अंगाचा तिळपापड होईल. पण रागाच्या भरात न्यायाची बाजू विसरता कामा नये. कल्पनेला कुंपण घालता येऊ लागले तर त्याचा पहिला फटका कोणाला बसेल? हरिश्चंद्राची गोष्ट, सीतेचे स्वयंवर, सासू-सुनेचे भांडण, गरीब पोराचे श्रीमंत पोरीवर बसलेले प्रेम, ही गायराने आहेत. गायरानावर सातबारा चढला तर तो मोठ्या बागायतदाराचाच चढणार. भाव्यांना 'सीतास्वयंवर' करता आले आणि फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र' करता आला, तो त्या कथा कोणाच्या बापाच्या नव्हत्या म्हणून. तेव्हा कल्पना मोकळ्या राहाव्यात, हे तत्त्व बरोबरच आहे. प्रश्न उरतो तो असा, की तुझी कल्पना ऐकतो असे सांगून ज्याने दार उघडले, त्याच्यावर काही जबाबदारी आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर चित्रवाणीच्या धंद्यातून आले. म्हणून तो धंदा आपल्याकडे कसा उभा राहिला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीच्या काळात कार्यक्रम करणारेही सरकार आणि दाखविणारेही सरकार. चि. वि. जोशी यांच्या कथांवरून 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मराठी मालिका झाली तीही केंद्रातच. कल्पना बाहेरच्या माणसाने विकावी असा बाजारच तेव्हा नव्हता.

तो बाजार उघडला १९८४ साली. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ पर्यंत चालली. मनोहर श्याम जोशी तिचे लेखक. कुटुंबनियोजनासारखा विषय करमणुकीतून सांगावा, ही युक्ती मेक्सिकोतील मालिकांवरून घेतलेली होती. नवे होते ते पैशाचे गणित. मॅगी शेवया विकणारी कंपनी मालिकेची प्रायोजक झाली. निर्मितीचा खर्च प्रायोजकाने सोसावयाचा, दूरदर्शनला प्रक्षेपणाचे शुल्क भरावयाचे, आणि त्या बदल्यात आपली जाहिरात दाखवून घ्यावयाची. यामुळे कल्पना घेऊन निघालेल्या माणसाला एका दाराऐवजी दोन दारे ठोठवावी लागू लागली. दिल्लीच्या मंडी हाऊसमध्ये प्रस्ताव मंजूर करून घ्यावयाचा आणि शेवया, साबण, दंतमंजन विकणाऱ्याला तो पटवून द्यावयाचा. मंजुरी बहुधा तेरा भागांची मिळे, कारण आठवड्याला एक याप्रमाणे तेरा भागांत वर्षाचा चतुर्थांश भरतो. पुष्कळ मालिका तेरा किंवा सव्वीस भागांच्या का असत, याचे उत्तर कथेत शोधू नये; ते कॅलेंडरात आहे.

रामानंद सागर यांनी १९८५ साली 'विक्रम और वेताल' केली आणि २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' आणले. पहिल्या मालिकेत झळकलेले अरुण गोविल आणि दीपिका हेच दुसरीत राम आणि सीता झाले. पडद्यावर पौराणिक वातावरण कसे दिसते, हे आधी एका लहान मालिकेने दाखवून दिले होते. फाळक्यांचा वाटाणा येथे पुन्हा उगवलेला दिसेल. 'रामायण' ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. त्या वेळी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे आमच्या वयाच्या सर्वांनी पाहिलेले आहे.

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी वाहिनी सुरू झाली आणि सरकारची मक्तेदारी मोडली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरींचे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आली, तिचेच पुढे झी मराठी झाले. २००० साली ई टीव्ही मराठी आली, तिचे आता कलर्स मराठी झाले आहे. २००८ साली स्टार प्रवाह आली. दारे वाढली हे खरे. पण आकाश सर्वांचे असले तरी दारावरचा दरवान खासगी झाला, हेही खरे.

आज या दारातून आत जाण्याची रीत काय आहे? प्रथम सबंध मालिका एका-दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे. मग दोन-तीन पानांचे संकल्पना-टिपण लागते. त्यापाठोपाठ पात्रांची ओळख, पहिल्या काही भागांचा आराखडा आणि शंभर भागांनंतर गोष्ट कोठे जाणार याचा अंदाज. ऐकणारा अधिकारी विचारतो: ही मालिका संध्याकाळी सातची की रात्री दहाची? त्या वेळी घरात रिमोट कोणाच्या हाती असतो? जाहिरात कोण देईल? प्रेक्षकसंख्येचे आकडे आठवड्याला येतात आणि त्यांवर जाहिरातीचा दर ठरतो. म्हणजे वाहिनी प्रेक्षकाला कथा विकते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकत असते. हे ध्यानात आले म्हणजे त्या प्रश्नांचा रोख कळतो.

शिवाय वाहिनी एकट्या लेखकाशी सहसा सौदा करीत नाही. ती निर्मितीसंस्थेशी करते. लेखक निर्मात्याला सांगतो, निर्माता वाहिनीला सांगतो. पसंत पडल्यास वाहिनी भागागणिक पैसे देते आणि हक्क बहुतकरून आपल्याकडे ठेवते. पुढे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी खाती पडतात. गिरणीत जशी कताईखाते आणि विणाईखाते असतात तशीच ही व्यवस्था. रोज एक भाग बाहेर काढावयाचा म्हटल्यावर दुसरे काय होणार? पण ज्याच्या वहीत ती गोष्ट प्रथम उगवली, त्याचे नाव या खात्यांतून कोठे गळून पडते, याचा पत्ता लागत नाही.

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येतो. २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक दावा आला. चित्रवाणीवर खऱ्याखुऱ्या वधूने वर निवडावा, अशी 'स्वयंवर' नावाची कल्पना अनिल गुप्ता यांनी सोनी वाहिनीच्या मंडळींपुढे मांडली होती. पुढे त्याच धर्तीचा कार्यक्रम वाहिनी आणीत असल्याचे त्यांना कळले. वाहिनीचे म्हणणे, स्वयंवर ही तर पुराणातली गोष्ट. न्यायालय म्हणाले, पुराणातले बीज सर्वांचे असेल. पण त्यावर डोके चालवून चित्रवाणीसाठी जी नवी घडण केली आणि विश्वासाने सांगितली, ती विश्वास मोडून वापरता येणार नाही. वाहिनीला चार महिन्यांची मनाई झाली.

दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, २००३ सालचा. सनडायल कम्युनिकेशन्स या संस्थेने झी टेलिफिल्म्सपुढे एका मालिकेची कल्पना मांडली होती. बाळकृष्ण आजच्या काळातील एका कुटुंबात राहावयास येतो, असे तिचे सूत्र. टिपणाची नोंद फिल्म रायटर्स असोसिएशनमध्ये केलेली होती. काही दिवसांनी झीचीच 'कन्हैया' नावाची मालिका येत असल्याचे दिसले. न्यायालयाने झीवर मनाई कायम केली. येथेही आधार केवळ स्वामित्वहक्काचा नव्हता; विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचा होता. १९७८ साली आनंदांपुढे जे दार बंद झाले होते, त्याच्या शेजारची एक खिडकी अशी उघडली गेली.

हीच तडजोड जगात अन्यत्रही दिसते. १९४९ साली अमेरिकेत व्हिक्टर डेस्नी नावाच्या माणसाने बिली वायल्डर या दिग्दर्शकाला गोष्ट सांगण्यासाठी फोन केला. साहेब भेटले नाहीत. चिटणीस बाईंनी फोनवरच सारांश लघुलिपीत उतरून घेतला. गुहेत अडकलेल्या माणसाची ती खरीखुरी हकीगत होती. १९५१ साली त्याच घटनेवर बेतलेला वायल्डरचा चित्रपट आला. १९५६ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने ठरविले, की कल्पना कोणाच्या मालकीची नसली तरी ती पैशाच्या बोलीवर सांगितली आणि ऐकणाऱ्याने ती बोली मान्य करून ऐकली, तर मोल चुकवावे लागेल. उलट इंग्लंडच्या ह्यूई ग्रीन यांच्या हुन्नरस्पर्धेच्या कार्यक्रमाची न्यूझीलंडमध्ये नक्कल झाली, तेव्हा १९८९ साली प्रिव्ही कौन्सिलने त्यांचा दावा फेटाळला. कार्यक्रमाचा साचा पुरेसा निश्चित लिहिलेला नाही, असे कारण दिले. त्यानंतर साच्याचा व्यापार करणाऱ्यांनी धडा घेतला. १९९८ साली इंग्लंडात सुरू झालेला लक्षाधीश होण्याचा खेळ आपल्याकडे २००० साली 'कौन बनेगा करोडपती' होऊन आला, तो रीतसर परवाना घेऊन. बैठक कशी, दिवे कसे, संगीत केव्हा, सगळे कागदावर बांधलेले. विलायती कल्पनेला भाव मिळतो आणि आमच्या गावच्या पोराच्या कल्पनेला मिळत नाही, यात बुद्धीचा फरक थोडा आणि कागदाचा फरक फार आहे.

पण नुसता कागदही पुरत नाही. उच्च न्यायालयात जाण्याइतका पैसा आणि दम एकट्या लेखकापाशी कोठून येणार? वर सांगितलेल्या आनंदांच्या दाव्याला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. कारखान्यातून काढून टाकलेला एकटा कामगार जसा दारोदार फिरतो तसाच एकटा लेखक फिरतो. शिवाय ज्याच्यावर दावा लावावयाचा त्याच्याच दारी उद्या काम मागावयास जावयाचे असते! ही अडचण वकील सोडवू शकत नाही, संघटनाच सोडवू शकते. मुंबईची फिल्म रायटर्स असोसिएशन १९६० साली कामगार संघटना कायद्याखाली नोंदली गेली. तोच १९२६ चा कायदा, ज्याखाली आमच्या हमालांच्या आणि विडी कामगारांच्या संघटना नोंदल्या गेल्या. आज ती स्क्रीनरायटर्स असोसिएशन या नावाने चालते. सभासदाच्या कथेची तारीखवार नोंद ठेवणे आणि मोबदल्याच्या किंवा श्रेयाच्या तंट्यात निवाडा करणे, ही तिची कामे. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लेखक-संगीतकारांना मानधनापलीकडे उत्पन्नाच्या वाट्याचा हक्क मिळाला आणि तो आधीच लिहून घेण्यास बंदी झाली, त्यामागेही संघटित रेटा होता. २०२३ साली अमेरिकेतील चित्रपट आणि चित्रवाणी लेखकांनी १४८ दिवस संप केला. लेखणी खाली ठेवली तर गिरणीसारखाच तोही कारखाना बंद पडतो, हे साऱ्या जगाने पाहिले.

हे सगळे सांगून आमच्या तरुणांना आम्ही भिवविणार आहोत काय? मुळीच नाही. २०१७ साली 'लागिरं झालं जी' ही मालिका आली. साताऱ्याच्या मातीत चित्रित झालेली, फौजेत जाऊ पाहणाऱ्या पोराची गोष्ट. आपली बोली, आपली घरे, आपले डोंगर वाहिनीला चालतात, एवढेच नव्हे तर हवे असतात, हे तिने सिद्ध केले. मग आपल्या भागातला माल आपल्याच माणसांनी बाजारात न्यावा; पण पावतीवाचून नेऊ नये.

पावती म्हणजे काय, ते स्पष्ट सांगतो. गोष्ट आधी पूर्ण लिहावी. नुसते बीज नव्हे, पात्रे, प्रसंग, वळणे. बीज गायरानातले असते. मशागत आपली असते, आणि कायदा मशागतच ओळखतो. लिहिलेल्याची संघटनेत नोंद करावी. ऐकविण्यापूर्वी, ही गोष्ट विश्वासाने आणि मोबदल्याच्या अपेक्षेने सांगत आहे, असे दोन ओळींचे पत्र द्यावे. ऐकवून आल्यावर त्याच दिवशी, आज आपणास अमुक गोष्ट सांगितली, अशी ई-मेल टाकावी. यात कोणाचा अपमान नाही. अडत्याकडे पट्टी मागणारा शेतकरी अडत्याला चोर म्हणत नसतो. सभासदत्व घ्यावे, वर्गणी भरावी. आणि एकाच दाराशी बसून राहू नये. रंगभूमी आहे, एकांकिका स्पर्धा आहेत, मासिके आहेत.

गावानेही एक करावे. वाचनालयाच्या सभागृहात दोन-चार महिन्यांतून एकदा नव्या संहितांचे वाचन ठेवावे. आधी नोंद आणि मग वाचन, हा क्रम मात्र सोडू नये. कारण जाहीर झालेल्या गोष्टीला विश्वासाचे संरक्षण राहात नाही, लिहिलेल्या मांडणीचेच राहते. पन्नास माणसांनी ऐकलेली संहिता सुधारते, तिला नाव मिळते आणि साक्षीदारही मिळतात. १९५४ साली नाट्यस्पर्धेने जे दार उघडले, तसलेच एक छोटे दार आपल्या गावाला आपल्या हाताने उघडता येईल.

सांगलीचे राजे गेले, ग्रँट रोडचे ते नाटकगृह गेले, मंडी हाऊसचा मक्ता संपला. आजच्या वाहिन्यांचेही दिवस कधीतरी भरतील आणि नवे गिऱ्हाईक येईल. दरवेळी दार बदलते, दरवान बदलतो. गोष्ट सांगणाऱ्याची मजुरी मात्र दरवेळी नव्याने मागावी लागते. कल्पना सर्वांच्या राहोत. तिच्यावर घाम गाळणाऱ्याचे दाम त्याला मिळोत. यासाठी भांडणे हे कलेला कमीपणा आणणारे आहे असे कोणी म्हणेल, त्याला आम्ही एवढेच सांगू, की उपाशी सांगितलेली गोष्ट फार दिवस गोड लागत नाही.